मागच्या खोलीवरचे कवेलू

यंदा होळीच्या आधी आपल्याकडे गारा पडल्या, तो शनिवार होता. शनिवारी संध्याकाळी तुमचा फोन येतो, म्हणून वार लक्षात राहिला. दुपारभर उकडत होतं. मग दिवस असतानाच अंधारून आलं आणि कुणी मूठ भरभरून खडे फेकावेत तसा आवाज सुरू झाला. बघता बघता अंगण पांढरं झालं. तुमचा फोन आला तेव्हा गारा अजून वितळल्या नव्हत्या. मी मोबाइल दाराबाहेर धरला.

"आजी, तुझ्याकडे स्नो!" थोरली ओरडली.

धाकट्याला वेगळीच काळजी. "पण तुझ्याकडे फावडं आहे का? बाबा रोज सकाळी फावडं घेऊन जातात."

"आहे," मी म्हणाले. "पण इथे फावड्याच्या आधी ऊन येतं."

तुम्ही हसलात. मोबाइल मी मागच्या खोलीकडे मात्र वळवला नाही.

आपलं घर तुम्ही पाहिलेलं आहे, पण तेव्हा लहान होतात, म्हणून पुन्हा सांगते. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या. तुमचे आजोबा जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि आम्ही साकोलीजवळच्या या त्यांच्या गावी राहायला आलो, तेव्हा त्या बांधल्या, आणि मी साकोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. मागची खोली आधीपासूनची, मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची. कवेलू म्हणजे भाजलेल्या मातीचे, उभ्या चिरलेल्या नळीसारखे तुकडे. एक उताणा, त्याच्या कडेवर दुसरा पालथा, असे रांगेने बसवत गेलं की छप्पर होतं. मे महिन्यात स्लॅबखाली जीव नकोसा होतो, तेव्हा त्या खोलीत गेलं की हायसं वाटतं. मागच्या वेळी तुम्ही दोघं तिथेच झोपलात. फटींतून उन्हाचे कवडसे भिंतीवर पडायचे आणि धाकटा उठल्या उठल्या त्यांच्यावर हात ठेवायला धावायचा. निघताना थोरलीने जाहीर केलं होतं, ही खोली आमची.

आणि यंदा जुलैत, तुमच्या शाळेला सुट्टी लागली की, तुम्ही येणार होता. गारांनी त्या खोलीवरचे निम्मे कवेलू फोडले. तुम्ही यायच्या आत ते छप्पर नीट व्हायला हवं, एवढी एकच गोष्ट त्या दिवसापासून माझ्या डोक्यात होती.

गंमत म्हणजे त्याच फोनमध्ये तुमच्या बाबांनी त्यांचा कॅमेरा वरच्या मजल्यावरच्या छताकडे धरला. पांढऱ्या छतावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. मी विचारलं, "बर्फ तर गोठलेला, मग गळतं कसं?" ते म्हणाले, घरातल्या उबेने छपराच्या मधला बर्फ वितळतो, पाणी खाली येतं आणि कडेला, जिथे ऊब नसते, तिथे पुन्हा गोठतं. त्याचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी बांधाला अडून उलटं वर चढतं आणि छपरात शिरतं. आमच्या भागात बोड्यांना, म्हणजे लहान तळ्यांना, आणि तलावांना बांध घालतात, ते पाणी अडावं म्हणून. छपरावर आपोआप बांध पडतो हे मला नवीन होतं.

"आई, आता रूफर शोधायला लागेल," ते म्हणाले.

"मलाही," असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण परदेशात बसून त्यांनी दोन-दोन छपरांची चिंता का करावी?

नंतरच्या शनिवारांना तुमच्याकडचा शोध मी फोनवर ऐकत गेले. कुणी येऊन लहानसं उडणारं यंत्र वर सोडलं आणि वरूनच फोटो काढले. कुणी शिडी लावून पाहिलं, कुणी नुसतं फुटपाथवरून. प्रत्येकाने वेगळा दोष सांगितला. तुमच्या बाबांनी सगळ्यांना तेच तेच प्रश्न विचारले आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मला ती पद्धत आवडली. मीही तसंच करायचं ठरवलं.

साकोलीच्या बाजारात टिनपत्र्यांचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कवेलू काढून फेका. सकाळी माझी माणसं येतील, संध्याकाळी तुम्ही टिनाखाली बसून चहा प्याल. वांदर नाचले तरी काही होत नाही." वांदरांचं त्याने खरं सांगितलं. नागझिऱ्याच्या जंगलाकडून त्यांच्या टोळ्या येतात, आणि गारांपासून वाचलेले कवेलू त्यांच्या उड्यांनी फुटतात.

पण टिन मला नको होतं, आणि त्याचं कारण आमची शेजारीण. तिने पूर्वीच कवेलू काढून टिन टाकलं. तिची मुलगी पुण्याला नोकरीला आहे. पावसाळ्यात तिचा फोन आला की ही बाई मोबाइल पदराखाली झाकून, चिखल तुडवत माझ्या मागच्या खोलीच्या ओसरीवर येते. टिनावर पाऊस पडायला लागला की कानाशी धरलेल्या फोनमधलं अक्षर ऐकू येत नाही. माझ्या पुढच्या खोल्यांत मोबाइलला रेंज कमी, मागच्या खोलीत चांगली. तुमच्याशी मी बोलते ती मागच्या खोलीत बसून, तुम्ही झोपायचात त्या पलंगाच्या कडेवर. तिथे टिन टाकलं असतं तर पावसाळ्याचे सगळे शनिवार गेले असते.

शेवटी शेजारणीनेच पलीकडच्या गावातला एक छप्परवाला सुचवला. तो आला, अंगणात उभा राहून त्याने कमरेवर हात ठेवले आणि छपराकडे बराच वेळ पाहत राहिला.

"कवेलू?" तो म्हणाला. "मॅडम, आता कवेलू कोन फेरते? मीच लोकाईच्या घरावर टिन टाकतो. आजकालचे पोट्टे तर कवेलूवर पाय ठेवाले भेतात."

"तुम्हाला येतं ना?"

"येते म्हनजे? हात भुलला नाई अजून. गुडघा भुलला." मग हसून म्हणाला, "तुमी इंग्रजीच्या मॅडम, आन घरावर देशी कवेलू. इंग्रजी कवेलू काहून नाई लावले जी?"

आपल्याकडे कारखान्यात साच्यातून काढलेल्या चपट्या कवेलूला इंग्रजी कवेलू म्हणतात. मी म्हटलं, "मी इंग्रजी शिकवायची. राहायची देशीच."

हे त्याला पटलं असावं. तो ओसरीच्या पायरीवर टेकला, पाणी प्यायला आणि मग त्याने प्रश्न केला.

"घरी मानसं किती?"

"मी एकटीच."

"तसं नाई. कवेलू देनारे मानसं. मी वर बसन, मायी बायको शिडीवर. पन खालून कवेलू हातोहात आले पायजेत ना? एक उचलन, दुसऱ्याले देईन, दुसरा तिसऱ्याले. उतरवाले आमी दोघं पुरतो. चढवाले रांग लागते. रांग घरवाल्यानं लावा लागते."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तुमचे आजोबा असताना दोन-तीन वर्षांनी एकदा कवेलू फेरले जात, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवले जात. अंगणात माणसांची रांग असायची, हसणं-खिदळणं चालायचं आणि मी आत चहाचं मोठं पातेलं ठेवायचे. ती माणसं कोण बोलावतं, केव्हा बोलावतं, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आजोबा संध्याकाळी चौकात जाऊन बसत, घरी येऊन सांगत, "उद्या." आणि उद्या माणसं यायची.

मी कॅलेंडर काढलं. पावसाच्या पुष्कळ आधी काम व्हावं, काही राहिलं तर हाताशी वेळ असावा, असा हिशेब करून मे महिन्याचा पहिला सोमवार ठरवला. छप्परवाल्याने माझ्या बोटाखालच्या चौकोनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमी म्हनाल तसं," तो म्हणाला.

त्यानंतर मी गल्लीत घरोघर गेले. या गावात राहून इतकी वर्षं झाली, पण बहुतेक उंबरठे मी पहिल्यांदाच ओलांडत होते. लोकांनी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. मी सोमवार सांगितला. सगळ्यांनी मान डोलावली. "हो मॅडम." "पाहू ना मॅडम." "तुमचं काम म्हनजे काय वो!" मी समाधानाने घरी आले. शनिवारी थोरलीने विचारलं, आमची खोली कशी आहे, तर मी सांगितलं, तुम्ही याल तेव्हा बघाल.

सोमवारी सकाळी छप्परवाला आणि त्याची बायको आली. दोघांनी भराभर कवेलू उतरवले. चांगले एका बाजूला रचले, फुटके दुसऱ्या बाजूला टाकले. वर नुसते लाकडी फाटे आणि त्यांच्यावर बांधलेल्या बांबूच्या कामट्या उरल्या. इतक्या वर्षांचा धुरळा खाली आला. मी नाकाला पदर लावून चहाचं पातेलं ठेवलं. साखर जास्तीची आणून ठेवली होती. ऊन चढत गेलं, पण फाटकातून कुणीच आलं नाही.

मी गल्लीत जाऊन पाहिलं. घरोघरी कडी लावलेली. एका ओसरीवर एक म्हातारा खोकत बसला होता, त्याने नुसता जंगलाच्या दिशेने हात केला.

दुपारी शेजारीण आली, ती डोक्यावर पानांचं भलंमोठं गाठोडं घेऊन. आमच्या फाटकाशी थबकली. उघड्या छपराकडे पाहून तिने गाठोडं तिथेच खाली टाकलं.

"काय वो हे, मास्तरीनबाई! पत्त्याच्या दिवसात घर उघडलं?"

पत्ता म्हणजे तेंदूची पानं, ज्यांच्या विड्या वळतात. मे महिना लागला की आमच्या भागातली गावंच्या गावं पहाटे जंगलात जातात, पानं तोडून आणतात, दुपारभर घरी बसून त्यांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडकी विकत घेणाऱ्या केंद्रावर, नेऊन देतात. थोडेच दिवस हे चालतं, आणि त्या दिवसांत लग्नसुद्धा कुणी ठरवत नाही. मला हे दिसत होतं, दरवर्षी दिसत होतं. माझ्या तारखेशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता.

"तुम्ही तर हो म्हणालात," मी म्हटलं.

"तुमच्या तोंडावर नाई कसं म्हनू? आख्ख्या तालुक्याचे पोट्टे शिकवले तुमी." ती घाम पुसत हसायला लागली. "आमाले वाटलं, मॅडमनं तारीख काढली, तं कोठून तरी दुसरे मानसं आनले असन. तुमच्या क्यालेंडरात पत्ता नोयता का?"

मी छप्परवाल्याकडे वळले. तोही तेच म्हणाला. "तारीख तुमी सांगतली. मी कोन मोडनारा? आन मॅडम, उद्यापासून आमी बी पत्त्याले जाऊन राहिलो. हे सरलं का येतो."

ती दोघं गेली. पातेल्यातला चहा मी मोगऱ्याच्या वाफ्याला घातला.

मग ते उघडे दिवस आले. मी सामान पुढच्या खोलीत हलवलं, पण तुमचा पलंग दारातून निघेना, तो तिथेच राहिला. पूर्वी जिथे कवडसे पडायचे तिथे आता सगळं ऊनच पलंगावर पसरलेलं असायचं. कामट्यांची सावली गादीवर पट्ट्यापट्ट्यांची. वर कावळे येऊन बसत आणि घरात कोण आहे ते मान वाकडी करून बघत. एकदा एक वांदर आलं, फाट्यावर बसून त्याने आत पाहिलं आणि तोडफोड करायला काही नाही म्हणून निघून गेलं.

पण एक गोष्ट माझ्या अपेक्षेबाहेरची झाली. छप्पर गेलं आणि गल्ली घरात आली. दुपारी सगळे आपापल्या अंगणात बसून पुडकी बांधत, आणि त्यांचं बोलणं वरून सरळ माझ्या खोलीत पडायचं. कुणाची गाय आटली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कोण साकोलीहून कोणत्या बसने आलं. आजोबा गेल्यापासून दुपारच्या वेळी या घरात माणसाचा आवाज नव्हता. मी काम नसताना मागच्या खोलीत जाऊन बसू लागले. ऊन असलं तरी, डोक्यावर ओला रुमाल टाकून.

एका दुपारी माझाच विषय निघाला.

"मास्तरीनबाईच्या घरात चांद उतरते म्हने आता," कुणीतरी म्हणालं.

"चांद उतरते, मानूस उतरत नाई," शेजारीण म्हणाली. मग आवाज चढवून, "काहो बाई! ऐकून राहिल्या का?"

मी गप्प बसणार होते. पण म्हटलं, "ऐकते आहे."

भिंतीपलीकडे सगळ्या जणी हसल्या.

"मंग इतके दिवस बोलल्या काहून नाई? या इकडं. पुडके बांधाले हात कमी हायत."

मी गेले. त्यांनी मला पानं कशी मोजून जुळवायची, कशी बांधायची ते दाखवलं. माझी पुडकी पाहून एक जण म्हणाली, "हे तं पेपरचे गठ्ठे झाले. आता याच्यावर नंबर टाकता का?" दुसऱ्या दिवशीही मी गेले. बोलायला माझ्याजवळ विशेष काही नव्हतं. तुमच्याबद्दल विचारलं की मी सांगायचे, येणार आहेत, जुलैत.

आणि मग तो शनिवार.

तुमच्या बाबांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. त्यांनी रूफर पक्का केला होता, पण त्याच्याकडे रांग मोठी. तुमच्याकडे छपराचं काम उन्हाळ्यातच होतं. बर्फ असताना वर चढता येत नाही, थंडीत छपरावरचे डांबरी तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. सगळ्या गावाला तेच थोडे महिने हवे असतात. रूफरने दिलेली तारीख जुलैतली होती, बरोबर तुमच्या तिकिटांच्या आठवड्यातली.

"आई, सोडली तर पुढची तारीख बर्फ पडल्यावर. आणि घर उघडं टाकून कसं येणार?"

घर उघडं टाकून. मी उघड्या घरातच बसले होते. वर आकाश लालसर होत होतं.

"नाही, बरोबर आहे," मी म्हणाले. "छप्पर आधी."

"पुढच्या वर्षी नक्की."

"हो."

मग थोरली फोनवर आली. ती रडली नव्हती, पण तिचा आवाज रडून झाल्यावर असतो तसा होता. "आजी, आमच्या खोलीत दुसऱ्या कुणाला झोपवू नकोस."

"कुणाला झोपवणार?" मी म्हटलं.

तुमचं विमान चुकवलं ते तुमच्या छपराने. त्याला मी कसा दोष देऊ? छप्पर दुरुस्त करायचा मोसम सगळीकडे थोडाच असतो. तुमच्याकडे तो बर्फाआधी, माझ्याकडे पावसाआधी. यंदा दोन्ही मोसम मिळून तुमच्या सुट्टीवर आले, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी पुडकी बांधायला गेले नाही. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आता घाई कशाची, असं मनात आलं. दुकानदाराला फोन करावा, टिन टाकून घ्यावं, संध्याकाळी चहा प्यावा. फोन हातात घेतलाही होता. मग विचार आला, जे येणार नाहीत, ते माझ्याशी बोलणार कशावर? याच फोनवर, याच पलंगावर बसून. फोन खाली ठेवला.

मग बुद्धपौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्या गल्लीतलं कुणी पत्त्याला जात नाही. विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी दरवर्षी जाते, वंदना झाली की खीर घेते आणि घरी येते. यंदा खीर वाढायला सुरुवात झाली तशी मी उभी राहिले. वर्गात आयुष्यभर उभी राहिलेली बाई मी, पण इथे उभी राहून बोलायची ही पहिलीच वेळ.

"माझं घर उघडं आहे," मी म्हणाले. "मला माणसं हवी आहेत. केव्हा, ते तुम्ही सांगा."

मग मागून एका पुरुषाचा आवाज आला, "नातू तं येत नाई म्हने यंदा. मंग टिन टाका ना मॅडम. कोनासाठी कवेलू?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते इतक्या लोकांत सांगता येईना. शेजारणीने सांगितलं.

"टिनाखाली फोन ऐकू येत नाई, म्हनून. मायी पोरगी बोलते तवा मी कोनाच्या ओसरीवर जातो? इच्याच. हिनं टिन टाकलं तं मी कोठी जाऊ?" मग माझ्याकडे वळून, "पत्ता सरला का दुसऱ्या दिवशी. चालते?"

"चालेल."

"आन फुटक्याच्या बदली माये कवेलू घ्या. बोरीच्या झाडाखाली पडले हायत, विंचवाईचं घर झालं."

फळी बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना फाटकाची कडी वाजली. छप्परवाला, त्याची बायको आणि मागे माणसं. किती आली ते मी पाहत राहिले नाही. मी चहा ठेवायला वळले, तर शेजारणीने हात धरला.

"च्या मायी सून करते. तुमी रांगीत या. घरवालं मानूस रांगीत लागते."

मला शिडीच्या अलीकडे उभं केलं. तुमचे आजोबा तिथेच उभे राहायचे, हे मला तिथे उभी राहिल्यावर आठवलं. माझ्या हातात पहिला कवेलू आला. जुना, एका बाजूने काळपट, त्यावर वाळलेलं शेवाळ. मी तो उलटा करून पाहू लागले.

"मॅडम!" वरून छप्परवाला ओरडला. "कवेलू होय तो, पेपर नोय. तपासत बसू नका, पुढं द्या!"

रांग हसली. मी पुढे दिला. मग दुसरा, तिसरा. शेजारणीच्या हातातून माझ्या हातात, माझ्या हातातून शिडीवरच्या बाईच्या हातात. हळूहळू बोलणं थांबलं, नुसता मातीवर माती टेकल्याचा आवाज उरला. माझे आणि शेजारणीचे कवेलू वर गेल्यावर वेगळे ओळखू येत नव्हते. ऊन तापायच्या आत वरच्या मयालीवरची, म्हणजे आढ्यावरची, शेवटची रांग बसली. छप्परवाला गुडघा धरत खाली उतरला आणि म्हणाला, "पानी येऊ द्या आता. गळलं तं मले बोलवा. सोमवार पाहू नोका."

सगळ्यांनी चहा घेतला. कुणी अंगणातच पाठ टेकली, कुणाला धानासाठी बांधी, म्हणजे भाताची खाचरं, तयार करायला जायचं होतं. उन्हं डोक्यावर यायच्या आत फाटक पुन्हा बंद झालं.

मी मागच्या खोलीत गेले. आत थंड होतं आणि अंधार. डोळे सरावल्यावर भिंतीवर एक-दोन कवडसे दिसले, अगदी बारीक. मी पलंगावर बसले आणि गल्लीकडे कान दिला. काहीच येत नव्हतं. शेजारणीच्या अंगणात माणसं होती, मला माहीत होतं. मी जरा मोठ्याने म्हटलं, "काहो, ऐकू येतं का?"

माझाच आवाज खोलीत राहिला. छप्पर चांगलं झालं होतं.

तुमच्या तिकिटांचा आठवडा आला तेव्हा इकडे रोवणी चालू होती. सगळं गाव बांध्यांत उतरलेलं, कमरेत वाकून धानाची रोपं लावत होतं. गल्लीत पुन्हा कड्या. शनिवारी दुपारपासून पाऊस लागला. शेजारणीच्या टिनावर तो असा वाजत होता की दोन घरांपलीकडे ऐकू यावा. माझ्या खोलीत मात्र नुसती सळसळ. एक थेंब आत नाही. मी पलंगाच्या कडेवर बसून होते.

फोन आला. धाकटा होता. तुमच्याकडे सकाळ होती आणि त्याच्या मागे नुसती ठोकाठोक चाललेली.

"आजी! रूफर आले आहेत! ते वरून जुनं छप्पर खाली फेकतायत!"

"वा," मी म्हटलं. "तुम्ही आत राहा हं. आणि थोरली कुठे आहे?"

"काय?"

"थोरली कुठे आहे?"

"आजी, तू काय म्हणतेस ऐकू येत नाही. मोठ्याने बोल!"

मी मोठ्याने बोलले. माझं प्रत्येक अक्षर माझ्या खोलीत स्वच्छ ऐकू येत होतं. तुमच्या हातोड्यांचा प्रत्येक ठोकासुद्धा. धाकट्याने पुन्हा दोनदा "काय?" विचारलं, मग कुणीतरी बाहेर ओरडलं असावं, कारण त्याने फोन कशावर तरी ठेवला आणि पळाला. फोन बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

मीही बंद केला नाही. तुमच्या घरातली पावलं ऐकली. दार आपटलं. थोरली कुणालातरी इंग्रजीत काहीतरी सांगत हसली. बाबा म्हणाले, तिथून लांब उभे राहा. वर माणसं चालत होती, ठोकत होती, तुमचं छप्पर बर्फासाठी तयार करत होती. माझ्या डोक्यावर पाऊस होता आणि तरी मला ते सगळं ऐकू येत होतं. मग तुमच्या बाजूने फोन आपोआप बंद पडला.

मी उठून गादीवरची चादर बदलली, उशांना वारा लागावा म्हणून पाऊस थांबायची वाट पाहिली. तो थांबला नाही. खोलीचं दार लोटून मी पुढे आले. तिथे मी अजून कुणाला झोपवलेलं नाही.